बोकडाला आवाज देणारी देस्पीने

आमच्या गुरिया प्रांतातली माणसं भराभर बोलतात. बाहेरचा माणूस पहिल्या वाक्याचा अर्थ लावत असतो तोवर आमचं चौथं वाक्य संपलेलं असतं. देस्पीने तर आमच्यातही भराभर बोलणारी होती, पण तिचं बोलणं कधी कुणाला जास्त झालं नाही. उलट ती गप्प बसली की लोक विचारायचे, बरं नाही का गं?

तिचा नवरा सामसोन माझा मित्र. तो पोतीच्या बंदरावर कामाला गेला आणि तिथल्या दलदलीच्या तापानं गेला. मागे राहिल्या देस्पीने आणि तिची सासू एफ्रोसीने. सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. देस्पीने दिवसभर रेशमाच्या कारखान्यात उकळत्या कढईतून कोष काढायची. बोटं कायम लाल, सुजलेली. मी तिला वहिनी म्हणायचो.

मी क्लबात सिनेमाचं यंत्र फिरवायचो. क्लब म्हणजे एका जुन्या व्यापाऱ्याचं मक्याचं गोदाम. मागच्या भिंतीला भोक पाडून माझी खोली केलेली. तेव्हाचा सिनेमा मुका. नट तोंडं हलवायचे, मग पडद्यावर अक्षरं यायची आणि ते काय बोलले ते कळायचं. पण निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं, म्हणून क्लबाचा व्यवस्थापक बार्तलोमे पडद्याशेजारी उभा राहून ती अक्षरं मोठ्यानं वाचायचा. तो नाकात बोलायचा. नायिका मरायला टेकली तरी त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखाच. लोक त्याला मक्याचे दाणे फेकून मारायचे.

एका हिवाळ्यात बार्तलोमेचा घसा पार बसला. त्या दिवशी तिसऱ्या रांगेत देस्पीने सासूच्या कानाशी लागून अक्षरं वाचत होती. वाचायला ती नुकतीच शिकली होती, कारखान्यातल्या प्रौढांच्या वर्गात.

"मोठ्यानं वाच की," मागून कुणीतरी म्हणालं. "सासूलाच एकटीला काय ऐकवतेस? आम्ही काय परके?"

"परकेच राहा," देस्पीने म्हणाली. "घरच्यांना मला जेवायलाही घालावं लागतं."

गोदाम हसलं. ती उठून उभी राहिली आणि तिथूनच वाचू लागली. म्हाताऱ्याचं वाक्य म्हाताऱ्याच्या आवाजात, पाटलिणीचं ठसक्यात, चोराचं कुजबुजत. मी भोकातून पाहत होतो. पुढच्या रांगेतली माणसं पडदा सोडून वळून तिच्याकडे बघत होती.

बार्तलोमेचा घसा बरा झाला, पण लोकांनी त्याला परत वाचू दिलं नाही. त्याचा स्वभाव चांगला, त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. देस्पीनेला त्यानं थोडा पगारही बांधून दिला. फक्त एकच तक्रार करायचा. "अगं, लिहिलंय तेवढंच वाच. त्या कप्तानानं 'मी चाललो' एवढंच म्हटलंय. 'छत्री घेऊन जा, इकडे पाऊस लागून राहिलाय' हे कुठे लिहिलंय?"

"त्याच्या बायकोनं म्हटलं असेल की नाही? ती काय मुकी आहे?"

"सगळेच मुके आहेत, देस्पीने. सिनेमाच मुका आहे."

"म्हणून तर मला ठेवलंयत."

आता पोर्फिलेबद्दल सांगायला हवं. कॉम्रेड पोर्फिले गावसमितीचा सचिव. उंच, काडीसारखा, मान पुढे काढून चालणारा. समितीचा शिक्का तो कोटाच्या खिशात ठेवायचा आणि त्याला घड्याळासारखी साखळी लावलेली. माणूस लाच खात नव्हता, दारू पिऊन गोंधळ घालत नव्हता. त्याचं एकच होतं. त्याला कशावरही शिक्का मारायची भीती वाटायची. उद्या वरून कुणी विचारलं तर? त्यामुळे कोणतंही काम घेऊन जा, तो कागद उलटसुलट बघायचा, गाल आत ओढून थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "तत्त्वतः हरकत नाही." एवढंच. म्हणजे हो नाही, नाहीही नाही. तुम्ही घरी जायचं, पुढच्या आठवड्यात परत यायचं, आणि तेच वाक्य ऐकायचं.

रेशमाच्या कारखान्याला जायच्या वाटेवर एक ओढा होता. त्यावरचा साकव पुरात वाहून गेला. वस्तीतल्या लोकांनी आपल्याच रानातली चेस्टनटची झाडं तोडून लाकूड काठावर आणून टाकलं. बांधकाम समितीनं करायचं असं ठरलेलं, म्हणून तिच्या मंजुरीची वाट बघत ते तिथेच पडलं. त्यावर शेवाळ आलं. बायका परकर गुडघ्यापर्यंत खोचून गार पाण्यातून कामाला जायच्या. तासिया नावाची एक बाई घसरून पडली आणि तिचा पाय मोडला. त्यानंतर देस्पीने दर आठवड्याला सुट्टी झाली की ओल्या परकरानंच पोर्फिलेकडे जाऊन उभी राहायची.

"कॉम्रेड सचिव, साकवाचं काय झालं?"

"तत्त्वतः हरकत नाही."

"मग तत्त्वावरून चालत जाऊ का आम्ही?"

पोर्फिले हसायचा नाही. तो पुढच्या माणसाला आत बोलवायचा.

अशात तो सिनेमा आला. राजधानीतून, तिबिलिसीहून, रिळांचे डबे आले तेव्हा मी नेहमीसारखं आधी एकट्यानं चालवून बघितलं आणि हसता हसता यंत्र फिरवायचा माझा हात थांबला. गोष्ट अशी: एका गावच्या कचेरीत एक जाडा साहेब असतो. एक दिवस त्याचा शिक्का एक बोकड गिळून टाकतो. शिक्क्याशिवाय गावाचं सगळं अडतं. लग्न लागत नाही, मढं पुरता येत नाही, जन्मलेलं मूल जन्मलं असं कुणी मानत नाही. शेवटी कचेरीत विचार होतो की शिक्का बोकडाच्या पोटात आहे, म्हणजे अधिकारही तिथेच. मग बोकडाला खुर्ची देतात, टेबल देतात, दारावर शिपाई उभा करतात. लोक रांग लावून बोकडापुढे कागद धरतात. बोकडानं कागद खाल्ला तर मंजूर.

मी वहिनीला म्हटलं, "हा जरा जपून वाच."

"का? सरकारनंच काढलाय ना?"

"सरकारनंच काढलाय. पण पोर्फिले पहिल्या रांगेत बसतो."

ती शाल सारखी करून कारखान्याकडे निघाली.

त्या दिवशी गोदाम खच्चून भरलं होतं. पोर्फिले आणि त्याची बायको साबेदो पहिल्या रांगेत, मधोमध. पडद्यावरचा साहेब जाडा, टकला. पोर्फिलेशी त्याचं काडीचं साम्य नव्हतं. कदाचित काहीच झालं नसतं. पण साहेबानं पहिल्यांदा तोंड उघडलं, अक्षरं आली, आणि देस्पीनेनं ती पोर्फिलेच्या आवाजात वाचली. तोच मान पुढे काढलेला, वाळका, शेवटी घसरणारा आवाज. गोदामात आधी एकदम शांतता झाली. मग मागून एकानं हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं. मग सगळेच.

पोर्फिले ताठ बसून राहिला. मला त्याची मान दिसत होती. साबेदोनं त्याच्या हातावर हात ठेवला होता.

मग बोकड खुर्चीवर बसला. एक नवरी त्याच्यापुढे लग्नाचा कागद धरते. बोकड कागदाकडे बघतो, गाल आत ओढून काहीतरी चघळतो, कॅमेऱ्याकडे बघतो. इथे पडद्यावर अक्षरं नाहीत. बोकडाला कसली अक्षरं? आणि त्या शांततेत देस्पीने म्हणाली:

"तत्त्वतः हरकत नाही."

असं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. आंधळी एफ्रोसीने सुद्धा डोळे पुसत होती आणि विचारत होती, "कोण बोललं? सचिव आलाय का पडद्यावर?" पोर्फिले उठला. साबेदो मागोमाग उठली. दोघं मधल्या वाटेनं बाहेर गेली आणि ती जात असताना लोक हसायचे थांबले, दार बंद झाल्यावर परत हसले. मी यंत्र फिरवत राहिलो. दुसरं काय करणार?

नंतर मी तिला विचारलं, मुद्दाम केलंस का?

"मला साहेबाचा दुसरा आवाजच माहीत नाही," ती म्हणाली. "जवळून ऐकलेला साहेब हा एकच."

"आणि बोकड?"

"बोकडाचं मात्र मुद्दाम."

दुसऱ्या दिवशी क्लबाच्या दारावर कागद लागला की यंत्र बिघडल्यामुळे खेळ बंद. यंत्र धडधाकट होतं. रिळं परत पाठवली गेली आणि देस्पीनेला बार्तलोमेनं सांगितलं की आता वाचायला येऊ नकोस. सांगताना त्याचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "बार्तलोमे, नाक पूस. नाहीतर लोक म्हणतील परत तूच वाचणार."

गाव लहान, पण आजूबाजूच्या वाड्या पुष्कळ. ज्यांनी सिनेमा पाहिला ते सांगत सुटले आणि ज्यांनी पाहिला नाही ते कारखान्यात देस्पीनेच्या मागे लागले. तिनं कढईपाशी उभ्या उभ्या पहिल्या प्रसंगापासून सगळा सांगितला. शाल हनुवटीखाली बांधली की ती बोकड. कमरेला उशी खोचली की साहेब. पुढच्या रविवारी शेजारच्या वाडीतून माणूस आला, आमच्याकडे लग्न आहे, काकी येतील का? मग दुसऱ्या वाडीतून. तिनं कुठेही पैसे घेतले नाहीत. मक्याची गरम भाकरी, चीज आणि अक्रोडाची चटणी मिळाली की झालं, आणि सासूसाठी थोडं बांधून. ज्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता ते म्हातारे सुद्धा आता कोंबडीला दाणे टाकताना म्हणायचे, तत्त्वतः हरकत नाही.

शेवटी समितीच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिला, बार्तलोमेला आणि मला.

मला भीती वाटत होती हे लपवण्यात अर्थ नाही. बार्तलोमेनं धुतलेला सदरा घातला होता, जणू तिथूनच परस्पर कुठेतरी नेणार आहेत. कचेरीबाहेरच्या बाकावर कामासाठी आलेली माणसं बसली होती, दार उघडं होतं. आत पोर्फिले आणि त्याचा कारकून नेस्तोर.

"तुम्ही वाड्यांवर जाऊन सिनेमा सांगता असं कळलं," पोर्फिले म्हणाला.

"हो," देस्पीने म्हणाली.

"तो सिनेमा बंद आहे."

"यंत्र बिघडलंय म्हणून बंद आहे, असं दारावर लिहिलंय. माझं यंत्र चालू आहे."

बाहेर कुणीतरी खोकलं.

"ही सत्तेची टिंगल आहे," पोर्फिले म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "याचा अर्थ तुम्हाला कळतो का?"

"सिनेमा सत्तेनंच काढलाय, कॉम्रेड सचिव. डब्यावर तिबिलिसीचा शिक्का होता. मी आपली तोंडानं सांगते. सांगायला बंदी असेल तर तसं लिहून द्या, आजपासून तोंड उघडणार नाही."

पोर्फिलेनं नेस्तोरला खूण केली. नेस्तोरनं टाक बुडवला.

"लिही," पोर्फिले म्हणाला. "नागरिक देस्पीने यांना बोकडाविषयी..." तो थांबला. "बोकड खोड. एका जनावराविषयी सार्वजनिक ठिकाणी बोलण्यास मनाई करण्यात येत आहे."

"कारण?" नेस्तोरनं विचारलं. तो बिचारा खरंच विचारत होता. मनाईच्या कागदावर कारण लिहावंच लागायचं.

"कारण..."

"जनावर कुणासारखं वाटतं असं लिहू का?" नेस्तोर म्हणाला.

पोर्फिलेचा हात साखळीवर गेला आणि तिथेच राहिला. त्या क्षणी देस्पीनेला त्याला आणखी एक टोला देता आला असता. मला तर वाटलं, आता ती देणारच. पण ती एक पाऊल पुढे आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ते राहू द्या. मी आलेच आहे तर साकवाचं सांगा. तासियाचा पाय अजून वाकडा आहे."

पोर्फिलेनं सवयीनं गाल आत ओढले. "तत्त्वतः," तो म्हणाला, आणि अडकला. पुढचे शब्द त्याला म्हणता येईनात. नेस्तोर खाली बघत होता. बार्तलोमे छताकडे. पोर्फिलेनं तोंड मिटलं, परत उघडलं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "समिती साकव बांधणार नाही."

मी मनात म्हटलं, घ्या, होतं तेही गेलं. पण देस्पीनेचा चेहरा उजळला. "उपकार झाले," ती म्हणाली. "समिती बांधणार नाही, म्हणजे लाकूड आमचं आम्हाला. आम्ही बांधतो." आणि बाहेर बाकावरच्या माणसांना म्हणाली, "ऐकलंत ना? नाही म्हणालेत."

रविवारी सगळ्या वस्तीनं सावड केली. वरचं शेवाळ खरवडल्यावर आत लाकूड टणक निघालं. चेस्टनट सहजी कुजत नाही. पुरुष पाण्यात उभे राहून खांब ठोकत होते, वर एकानं गाण्याची ओळ उचलली की खालून दोघं तिला निराळ्याच चालीत गाठत होते, आमच्याकडे गातात तसं. बायका भाकऱ्या आणत होत्या. तासियाला खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि ती तिथून सगळ्यांना चुका दाखवत होती. पोर्फिले आला नाही, पण त्यानं कुणाला थांबवायलाही पाठवलं नाही. संध्याकाळच्या आत साकव उभा राहिला.

मला तिचं कौतुक वाटतं ते यासाठीच, असं मी पूर्वी सांगायचो. पण खरं कौतुकाचं नंतर घडलं, आणि ते मला चोरून ऐकायला मिळालं.

आमच्याकडे द्राक्षाचे वेल उंच झाडांवर चढवलेले असतात. त्या शरदात मी देस्पीनेच्या अंगणातल्या झाडावर चढून द्राक्षं तोडत होतो, निमुळती टोपली दोरीनं खाली सोडत होतो. ती खाली बसून घड निवडत होती. फाटक वाजलं. पोर्फिले होता, हातात टोपी. पानांमुळे मी त्याला दिसलो नाही.

"या, साहेब," ती म्हणाली. कॉम्रेड म्हणायला विसरली आणि त्यानंही सुधारलं नाही. तिनं त्याला तिपाई दिली, पुढ्यात घड ठेवला.

बराच वेळ तो द्राक्षं खात राहिला. मग म्हणाला, "माझा आवाज खरंच तसा आहे का?"

"आवाज चांगला आहे. ते वाक्य वाईट होतं."

"ते मी आता म्हणत नाही."

"ऐकलंय. लोक सांगतात, आता हो तरी म्हणता नाहीतर नाही तरी."

"झोप लागत नाही त्यामुळे." त्यानं टोपी मांडीवर ठेवली. "एक विचारायचं होतं. मी मधूनच उठून गेलो. सगळ्या गावाला माहीत आहे, माझ्या शिपायाला माहीत आहे, पण मला कुणी सांगत नाही. त्या माणसाचं शेवटी काय झालं?"

मी फांदीला घट्ट धरून बसलो. शेवट मला पाठ होता. शेवटी गावाला कळतं की शिक्क्याशिवायही मुलं जन्मतात, लग्नं लागतात. कचेरी ओस पडते. बोकड खुर्चीला कंटाळून डोंगरावर पळतो आणि साहेब शाईची गादी घेऊन त्याच्यामागे धावतो. सगळा गाव उभा राहून त्याला हसतो. शेवटचं चित्र हेच, डोंगरावर धावणारा एक बारीक ठिपका.

देस्पीनेनं बोकड डोंगरावर पळाला इथपर्यंत तसंच सांगितलं. साहेब मागे धावला. "मग तो दमला," ती म्हणाली, "आणि एका झाडाखाली बसला. बोकड पण जवळ येऊन बसला. तेवढ्यात त्याची बायको डोंगर चढून आली, रुमालात भाकरी घेऊन. तिनं काही विचारलं नाही. दोघांनी भाकरी खाल्ली. खाली गावात लग्नाची गाणी चालली होती, ती वरपर्यंत ऐकू येत होती. साहेब म्हणाला, छान गातात. बायको म्हणाली, चल की, आपल्यालाही बोलावलंय."

"आणि लोक? हसले नाहीत?"

"हसले. मग सरकून बसले आणि त्याला जागा दिली."

पोर्फिले मान हलवत राहिला. "चांगला सिनेमा आहे," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

मी खाली उतरलो. "वहिनी, असा शेवट कुठे होता?"

"तुझ्या भोकातून दिसला नसेल," ती म्हणाली. "टोपली भर."

त्या हिवाळ्यात बार्तलोमेनं तिला परत वाचायला बोलावलं. आणखी काही वर्षं ती पडद्याशेजारी उभी राहिली. मग बोलपट आले, नट स्वतःच बोलू लागले. पहिला बोलपट पाहून एफ्रोसीने घरी येऊन म्हणाली, "आवाज आहेत, पण एकही माणूस ओळखीचा वाटला नाही." देस्पीने दिवसभर कोषांच्या कढईवर आणि संध्याकाळी सासूजवळ, अशी राहू लागली.

एकोणीसशे सदतीस साली देशभर धरपकड चालली होती, तेव्हा एका रात्री पोलिसांनी पोर्फिलेला नेलं. कशासाठी ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. साबेदोच्या घरासमोरून जाताना लोक रस्त्याची बाजू बदलू लागले. मीही बदलली. देस्पीने मात्र रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिच्या फाटकाशी जाऊन हाक मारायची, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "साबेदो, उठलीस का? विस्तव पेटव, पीठ घेऊन आलेय."

"हळू बोल," शेजारीण कुंपणाआडून म्हणायची. "तुलाही घेऊन जातील."

"हळू बोलायला शिकलेच नाही मी," देस्पीने म्हणायची आणि आत जायची.

साबेदोला कुणी काम देईना, तेव्हा तिनं मुकादमाशी भांडून तिला स्वतःच्या शेजारच्या कढईवर बसवलं आणि उकळत्या पाण्यात रेशमाचं टोक कसं शोधायचं ते शिकवलं. साबेदोची बोटं पहिल्या महिन्यात फोडांनी भरली. देस्पीने रोज सुट्टीनंतर त्यांना अक्रोडाचं तेल लावून द्यायची. मग दोघी ओढा ओलांडून बरोबर घरी जायच्या. देस्पीने बोलत असायची आणि साबेदो ऐकत असायची. पोर्फिले परत आला नाही. एफ्रोसीने वारल्यावर साबेदो देस्पीनेकडेच राहायला आली आणि त्या दोघी त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या.